फोर बाय फोर आणि हळदीचा मांडव

उल्हासनगरात सगळं बनतं, फक्त रिकामी जागा बनत नाही. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथं कोनशिला बसवली, तेव्हा सिंधमधून आलेली माणसं लष्कराच्या सोडलेल्या बराकींत राहत होती. वस्त्यांना नावं देण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. कॅम्प एक ते कॅम्प पाच एवढ्यावर भागवलं आणि वाचलेला वेळ धंद्यात घातला. म्हणून आज तिथं जीन्स मिळते, कपाट मिळतं, आणि मोटारीच्या अंगावर चढवण्यासारखं जगात जे जे म्हणून आहे तेही मिळतं.

आमचे साडू नवी थार घेऊन तिथं गेले ते एवढ्यासाठीच. साडू अंबरनाथ पूर्वेला राहतात, सोमवार ते शुक्रवार लोकलने फोर्टात जातात आणि ते पाच दिवस थार सोसायटीत आच्छादन पांघरून उभी असते. शनिवारी ती वाण्याकडे जाते. मात्र गाडीची माहिती पुस्तिका साडूंना तोंडपाठ आहे. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर, रुंदी १८२० मिलिमीटर. यातला शेवटचा आकडा ते घाईघाईत म्हणायचे, आणि पुढे सगळं रामायण त्याच आकड्याने घडवलं.

दुकानदाराने पुढे लोखंडी बुलबार बसवला, टपावर दिव्यांची पट्टी लावली, मागे जेरीकॅन टांगला आणि त्याशेजारी एक फावडं. बुलबारवर डिसेंबर २०१७मध्येच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हरकत घेऊन राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, हे मी दबक्या आवाजात सांगितलं. समोरचा पादचारी त्याने जास्त जखमी होतो, आणि धडकेचा जोर कुठल्या कुठे गेल्याने एअरबॅगलाही वेळेवर पत्ता लागत नाही.

“साहब, सब लगाते हैं,” दुकानदार म्हणाला. मोटार वाहन कायदा १९८८चा असला तरी आपल्याकडे सर्वाधिक वापरलं जाणारं कलम हेच आहे.

“अब ये गाडी पहाड पे चढेगी, साईं.”

“आम्हाला बदलापूरला जायचंय,” मागच्या सीटवरून ताई म्हणाल्या. ताई म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या भगिनी. मांडीवर डबा, डब्यावर पिशवी आणि पिशवीवर हात अशा बसल्या होत्या. बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या वाटेवर साडूंनी एक प्लॉट बघून ठेवला होता आणि तो आम्हाला दाखवायचा होता.

२०१८च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिकेच्या हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी सत्तर किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा उल्हासनगर ते अंबरनाथ या टप्प्यात रविवारी सकाळी कोणी ओलांडून दाखवली, तर पोलिसांनी त्याला दंड न करता हार घालावा. फर्निचर बाजाराजवळ आम्हाला एका हातगाडीने ओव्हरटेक केलं. हातगाडीवर दोन दारांचं कपाट होतं आणि कपाटाला आरसा. त्या आरशात साडूंना स्वतःची थार बुलबारसकट दिसली. ते इतके खूश झाले, की हातगाडी पुढे गेल्याचं त्यांना वाईटसुद्धा वाटलं नाही.

या पट्ट्यातली खरी दादा मंडळी म्हणजे रिक्षावाले. परवाना तीन प्रवाशांचा, पण चौथी सीट ड्रायव्हरच्या शेजारी. तिथं बसणारा अर्धा आत आणि अर्धा उल्हासनगर महापालिकेच्या हद्दीत असतो. ड्रायव्हरही स्वतःच्याच सीटवर पाहुणा म्हणून टेकलेला. एका हातात हँडल, दुसऱ्या हाताने सुट्टे पैसे, आणि वळताना चौथ्या माणसाचा गुडघा बाजूला सारायचं काम कोपराकडे. इंडिकेटर म्हणजे पायाचा पंजा बाहेर. हा पंजा कुठल्याही नियमावलीत नाही, पण मागच्या प्रत्येकाला तो कळतो. थारचा पिवळा इंडिकेटर बघून मात्र एकाही माणसाने वाट दिली नाही.

अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. वालधुनीच्या काठी त्या मंदिराचे दगड वाहून आणणाऱ्या गाड्यांना जेवढा वेळ लागला असेल, साधारण तेवढ्यात आम्ही अंबरनाथ पार केलं. मध्ये एका चकाचक काळ्या गाडीने आम्हाला कट मारला. तिच्या पाटीवर ४१४१ हा आकडा असा काही वळवून लिहिला होता, की तो ‘दादा’ वाचला जावा. काचाही काळ्या. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्येच बंदी घातली, पण आतला दादा बाहेरून दिसत नसल्यामुळे त्याला हे कोणी सांगावं, हा प्रश्नच आहे.

बदलापूरला उड्डाणपुलाने पश्चिमेला उतरलो, आणि पुढे उल्हास नदी ओलांडताना साडूंनी पुन्हा ६५० मिलिमीटरचा विषय काढला. याच नदीने २७ जुलै २०१९ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसला हजारावर प्रवाशांसकट अडवून धरलं होतं. एनडीआरएफच्या बोटी आणि नौदलाची माणसं आली तेव्हा सुटका झाली. ती तर अख्खी आगगाडी होती. मी हे बोललो नाही. मे महिना असल्यामुळे नदी खाली निमूट पडून होती.

पुढे गाव लागलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गावाची काही चूक नाही.

वेशीवर गतिरोधक होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी त्यावरून सुखाने जाते. गावचा गतिरोधक मात्र ग्रामस्थांनी स्वतःच्या अनुभवातून बांधलेला असतो. उरलेल्या डांबराचा, उंचीला घोटाभर आणि रुंदीला वीतभर. त्यावरून कुणीच सुखाने जाऊ नये, हाच त्यामागचा विचार. २२६ मिलिमीटर तिथं कामी आले, एवढं श्रेय थारला दिलं पाहिजे.

त्यानंतर गल्ली सुरू झाली. डावीकडे ओटा, उजवीकडे तुळशीवृंदावन, मध्ये कोंबड्या. समोरून एक पोरगा स्कूटरवर दुधाची बरणी घेऊन आला. मिसरूड अजून फुटायची होती. २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पालक ओट्यावरच बसला होता, आणि “हळू जा रे” म्हणून त्याने आपली कायदेशीर जबाबदारी पार पाडली. पोरगा आमच्या आरशाखालून मान तिरकी करून निघून गेला. दूध सांडलं नाही.

आणि वळणावर रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, पण त्यावर मांडव होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कनात, मध्ये खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे. आगरी घरची हळद होती. एका बाजूला बेंजोवाले साहित्य उतरवत होते, दुसऱ्या बाजूला लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण माइक तपासत होती. साडूंनी हॉर्न वाजवला. एका आजोबांनी खुर्ची थोडी सरकवली आणि त्यांना वाटलं तेवढ्यावर काम झालं.

“रस्ता बंद आहे का?” साडूंनी काच खाली करून विचारलं.

“बंद कशाला? शेतातशी वाट हाय की,” खांद्यावर टॉवेल घेतलेला एक तरुण म्हणाला. “सगल्या गाऱ्या तिकरनंच जातान.”

मांडवाशेजारी बांध फोडून भातशेतात वाट काढली होती. ढेकळं, धसकटं, एक उतार, एक खड्डा आणि पलीकडे पुन्हा डांबर. थेट जाहिरातीतल्यासारखी जागा. बुलबार, दिव्यांची पट्टी, जेरीकॅन आणि फावडं या सगळ्यांचा जन्म ज्यासाठी झाला, तो क्षण समोर उभा होता. गिअरशेजारी तो दुसरा, छोटा दांडा असतो. टू एच, फोर एच, न्यूट्रल, फोर एल. साडूंनी त्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

तेवढ्यात मागून रिक्षा आली, चौथ्या सीटसकट. तिने हॉर्नही न देता आम्हाला वळसा घातला आणि बांधावरून खाली उतरली. तीन चाकं, साधारण १३०० मिलिमीटर रुंदी, फोर एल वगैरे काही नाही. मागोमाग कुल्फीवाल्याची सायकल. मग बाजारातून आलेलं एक जोडपं मोटारसायकलवरून, मध्ये मूल आणि मुलाच्या हातात फुगा.

“जा ना,” ताई म्हणाल्या.

“धसकटं आहेत. खालून ओरखडा येईल.”

“मग फावडं कशाला घेतलं?”

याला उत्तर नव्हतं. साडू खाली उतरून शेत बघू लागले. तिथं काळे चौकोन दिसत होते. डांबर सांडलंय का, असं त्यांनी त्या तरुणाला विचारलं.

“राब भाजलाय, काका. त्येच्यावर चाक नका घालू.”

कोकणात भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची, तो तुकडा उन्हाळ्यात पाला, काटक्या, शेण पसरून भाजतात. पहिला पाऊस पडला, की त्यातच पेरणी. वर्षभराच्या भाताची सुरुवात त्या काळ्या चौकोनात होते. चाक गेलं की भुसभुशीत जमीन घट्ट होते आणि रोप धरत नाही. मी पुन्हा शेताकडे पाहिलं. रिक्षाची, सायकलची, मोटारसायकलची, सगळ्यांची चाकोरी त्या चौकोनांपाशी येऊन बाकदार वळसा घालून पुढे गेली होती. पाटी नाही, पट्टा नाही, पोलीस नाही. उल्हासनगरपासून निघाल्यावर सगळ्यांनी पाळलेला हा पहिला वाहतूक नियम मला दिसत होता.

एकच चाकोरी तेवढी सरळ गेली होती, राबाच्या मधोमध. रुंद टायर, खोल नक्षी.

“मागल्या रविवारचे,” तरुण म्हणाला. “तुमच्याच सारखी गारी. व्हिडिओ काढित व्हते.”

साडूंनी उगाचच बुलबारवरची धूळ पुसली. अशा गाड्यांना वाटतं, की डांबर सुटलं की कायदाही सुटला. कायद्याचं म्हणणं उलट आहे. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या आहे, आणि लोकांना जाण्याचा हक्क असेल ती जागा रहदारीची असो वा नसो, सार्वजनिकच. मग ती धबधब्याची वाट असो की नदीचं पात्र. २०२३च्या नाताळात हिमाचलातल्या लाहौलमध्ये एकाने चंद्रा नदीतून थार घातली, तर तिथल्या पोलिसांनी नदीतल्या गाडीला साडेतीन हजारांचं चलान फाडलं. राबावरून चाक घालण्याचं वेगळं कलम मात्र चलानच्या यादीत नाही. असायला हवं होतं, आणि दंड पैशात न घेता आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून भात लावायला लावून वसूल करायला हवा होता.

हे सगळं मी मनात घोळवत होतो तोवर मागून ओरड झाली. “गारी बाजूला घे, दादा. बैल येतान.” शर्यतीचे बैल होते, टेम्पोतून उतरवून चालवत आणलेले. अंगावर झूल, शिंगांना रंग, तुकतुकीत पाठी. शर्यती २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये अटींवर सुरू करू दिल्या आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. या तालुक्यात त्या निकालाचे दिवस लोक दिवाळीसारखे सांगतात. मांडवातले पाहुणे थार आली तेव्हा उठले नव्हते, बैलांसाठी उठले. खुर्च्या सरकल्या, कनात वर गेली आणि बैल हळदीच्या मांडवातून सरळ रस्त्याने पलीकडे गेले.

“त्यांच्यामागून घ्या,” मी सुचवलं.

साडूंनी गाडी पुढे घेतली. कनात पुन्हा खाली आली. १८२० मिलिमीटर बैलात आणि १८२० मिलिमीटर मोटारीत गाव फरक करत होतं आणि मला ते पटत होतं. २०२४ संपता संपता रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या वाळूत एक फेरारी रुतली होती, आणि ती बाहेर काढली बैलगाडीने. हे सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. बैलांनीही पाहिलं असावं, अशा ऐटीत ते चालले होते.

शेवटी यजमानच बाहेर आले. “गारी हितंच ऱ्हाव द्या. जेवून जा,” म्हणाले. ना ओळख, ना पाळख. तांदळाच्या भाकऱ्या आणि रस्सा समोर आल्यावर साडूंचा जीव थोडा भांड्यात पडला. ताईंनी आपला डबा उघडून त्यातल्या नारळाच्या वड्या पंगतीत वाटल्या आणि नवरीच्या आईशी त्यांची अशी काही गट्टी जमली, की लग्नाचंही आमंत्रण पदरात पडलं. थारवर तोवर गावातली पोरं चढून फोटो काढत होती. एकाने फावडं काढून मांडवाच्या खांबाचा खड्डा बुजवला. त्या फावड्याचा आजवर झालेला एवढाच उपयोग.

प्लॉटवर आम्ही रिक्षाने गेलो. ताई, मी आणि एक गावकरी मागे, साडू चौथ्या सीटवर. शेतातून जाताना ड्रायव्हरने राबाला वळसा घातला, तेव्हा साडूंनी न सांगता गुडघा आत घेतला. प्लॉट चांगला आहे. रस्ता बारा फुटांचा दाखवलाय, तो कागदावर.

मे महिन्यात बारवीकडे जायचं असेल तर गाडी घरी ठेवा. लोकलने बदलापूरला उतरून पश्चिमेला रिक्षा मिळते. भाडं आधी ठरवा, चौथी सीट घेऊ नका, आणि गाडीनेच जाणार असाल तर शेतात काळा चौकोन दिसला की वळसा घाला.