आतली कडी

अहवालाच्या मुखपृष्ठावर एक गुलाबी दार आहे. गुलाबी, कारण आत बायका जाणार. दारावर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र, बाजूला योजनेचा फलक, खालच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. आणि ओळ: ‘स्थलांतरित ऊसतोड महिलांसाठी सुरक्षित शौचालय’. दाराला कडीसुद्धा आहे. जाडजूड, नवी कोरी, उन्हात चमकणारी. बाहेरून.

आतून आहे का, ते फोटोत दिसत नाही. म्हणून अहवाल पहिल्या पानापासून वाचला. ‘महिला संरक्षण उपाययोजनांचे संनियंत्रण व मूल्यमापन’ असं भारदस्त नाव असल्यावर कुठंतरी कडी येईलच, अशी आशा होती. प्रस्तावनेत नाही. उद्दिष्टांत नाही. निरीक्षणांत दाराचा रंग आहे, उंची आहे, उद्घाटनाची तारीख आहे. परिशिष्टात प्रश्नावली आहे. दार आहे का? होय. फलक आहे का? होय. स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे का? होय. 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक ठळक लिहिला आहे का? होय, दाराच्या आतल्या बाजूला. म्हणजे रंगारी आत गेला होता! एवढ्या सगळ्या कारभारात एक माणूस खरोखर आत गेला होता. त्याला कडी नाही हे जाणवलं नाही, कारण त्यानं दार उघडं ठेवूनच रंगवलं.

आता ही पाहणी झाली कुठं? कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या, होत्या कारखान्याच्या माळावर, तीन-चार जिल्हे ओलांडून. हंगाम संपला की कोप्या मोडतात आणि टोळ्या ट्रॅक्टरवर बसून माघारी येतात. पाहणी झाली मे महिन्यात, आमच्या राजूरला. सोयीचंच म्हणा. बायका गावोगावी सापडत होत्या, जालन्याहून पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता, आणि आल्यासारखं राजुरेश्वराचं दर्शनही होत होतं. हॉलमध्ये सतरंजी, पंखा, चहा. ‘ताई, तिथं सुरक्षित वाटत होतं का? पूर्णतः, अंशतः की अजिबात नाही?’ मुकादमही खुर्चीवर बसलेले, कारण बायकांना आणायला गाडी त्यांचीच. पुढच्या हंगामाची उचलही त्यांच्याकडूनच घ्यायची. सगळ्यांना पूर्णतः वाटत होतं.

एकीनं तेवढ्यात सांगितलं, ‘आमी दोघी-दोघी जातो सायेब. एक आत, एक भाईर. भाईरची दार धरून उभी ऱ्हाती.’

हे वाक्य अहवालात आलंय. आलंय म्हणजे काय, चांगलं सजून आलंय. ‘शौचालय परिसरातील महिलांचा वावर’ असा एक निर्देशांक आहे आणि त्याची हिरवी रेघ दुप्पट उंच गेली आहे. बरोबरच आहे. एका बाईला जायचं तर दोघींना यावं लागतं, मग वावर दुप्पट होणार नाही तर काय होणार? शिवाय खाली शेरा: ‘महिलांमध्ये परस्पर सहकार्याची भावना वाढीस लागली असून समुदाय-आधारित संरक्षण यंत्रणा उत्स्फूर्तपणे विकसित झाली आहे.’ दार धरून उभी असलेली बाई ही यंत्रणा. मला तर पुढचं सगळं दिसायला लागलं. यंत्रणा म्हटली की तिला नाव हवं. आपल्याकडे कृषिसखी आहे, पशुसखी आहे, बँकसखी आहे, तशी ही ‘दारसखी’. तिला गुलाबी जाकीट आणि गळ्यात ओळखपत्र. तिचं दोन दिवसांचं निवासी प्रशिक्षण, दार उजव्या हातानं धरावं की डाव्या, वारा सुटल्यास पाठ टेकवावी की खांदा, यावर तज्ज्ञांचं सत्र, मग जेवण, मग प्रमाणपत्र, मग सगळ्यांचा फोटो. तिच्यासाठी नोंदवही: किती वाजता धरलं, किती वाजता सोडलं, धरण्यापूर्वीची मनःस्थिती, सोडल्यानंतरची मनःस्थिती. मग कुणीतरी चिकित्सक विचारणार की दारसखीला स्वतःला जायची वेळ आली तर? तिच्यासाठी सहायक दारसखी. दोघींवर देखरेखीला गट समन्वयक, तिला दुचाकीच्या पेट्रोलचा भत्ता. आणि हे सगळं उपयोगी पडतंय का हे शास्त्रशुद्ध तपासायचं तर निम्म्या दारांना कडी बसवायची, निम्मी तशीच ठेवायची आणि हंगामाच्या शेवटी दोन्हीकडच्या बायकांचं काय झालं त्याची तुलना करायची. बिनकडीच्या निम्म्यांत कुणाच्या बायका घालायच्या, ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. शास्त्रात पक्षपात चालत नाही.

राजूरच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात कडी, कोयंडा आणि स्क्रू मिळून शंभराच्या आत काम होतं. विचारून आलोय.

पण कडी कुठल्या खात्यात बसते, हा खरा पेच आहे. ती बांधकामात धरली तर बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आधीच निघालाय; पूर्ण झालेल्या कामात अपुरं काही नसतं. संरक्षणात धरली तर संरक्षणाचा निधी ‘जाणीव-जागृती’साठी आहे, लोखंडासाठी नाही. आणि एकदा कडी मान्य केली की लोक दिवा मागतील. दिवा दिला की पाणी मागतील.

माझा जुना राग आहे तो या फोटोवर. हल्ली कुठलंही काम झालं की नाही हे कामावरून कळत नाही, जिओटॅग फोटोवरून कळतं. खड्डा बुजवला, फोटो. झाड लावलं, फोटो. झाड मेलं, त्याचा फोटो कुणी मागत नाही. कॅमेरा नेहमी बाहेर उभा असतो, उजेडात, उद्घाटनाच्या दिवशी. अंगारकीच्या रात्री जालन्याहून राजूरपर्यंत हजारो बायका पायी येतात. त्या वाटेवर शुभेच्छांच्या फलकांचे फोटो बघा, दर चार पावलांवर एक हसरा चेहरा. बाईला आडोसा हवा असेल तर तिनं त्या फलकामागं जावं. या चेहऱ्यांचा समाजाला झालेला तेवढाच उपयोग म्हणायचा.

जगाच्या पाठीवर निर्वासितांच्या छावण्या चालवणाऱ्यांनी 1997 साली डोकं लावून किमान मानकं लिहायला घेतली, तीच आज ‘स्फिअर’ नावाच्या पुस्तिकेत आहेत. वीस माणसांमागं एक शौचालय, पुरुषांच्या एका शौचालयामागं बायकांची तीन, आणि दाराला आतून लावता येईल अशी कडी. छापलेलं आहे. युद्धातून, पुरातून जीव घेऊन पळालेल्या बाईसाठी जे किमान, ते आमच्या बाईला लागू नाही, कारण ती निर्वासित नाही. ती फक्त दसऱ्या-दिवाळीनंतर घरदार सोडते, सहा महिने पालात राहते आणि परत येईल तेव्हा अंगावर उचल किती शिल्लक राहिली ते मुकादम सांगतो.

मोजणं कसं फसतं तेही छावण्यांनी दाखवून दिलंय. केनियातल्या दादाबच्या छावण्यांत सोमाली बायका सरपणाला रानात जात आणि तिथं त्यांच्यावर बलात्कार होत. म्हणून 1990 च्या दशकाच्या अखेरीस सरपणच वाटायला सुरुवात झाली. सरपणाच्या वाटेवरचे गुन्हे कमी झाले. तेवढंच मोजलं असतं तर हिरवी रेघ काढून टाळ्या वाजवता आल्या असत्या. मूल्यमापन करणाऱ्यांनी बाकीच्या जागाही मोजल्या, तर तिथले गुन्हे वाढलेले निघाले. त्यांनी तसं लिहिलं. वाईट बातमी लिहिण्याची मूल्यमापन करणाऱ्याला परवानगी असते, ही गोष्ट आमच्याकडे अजून पोचायची आहे.

आमच्याकडे पोचतो तो ‘निरंक’. लैंगिक छळाच्या तक्रारी: निरंक. 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती, नसेल तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती, तालुक्याला तक्रार घेणारा अधिकारी, वर्षाकाठी किती तक्रारी आल्या त्याचा अहवाल. तक्रार लेखी हवी, तीन महिन्यांच्या आत हवी. आता बाई आमच्या तालुक्यातली, फड दुसऱ्या जिल्ह्यात, कारखाना म्हणतो माणसं आमची नाहीत, ठेकेदार म्हणतो मुकादमाला विचारा, आणि मुकादमाविरुद्धच तक्रार असली तर? मुदतवाढ मिळते, लिहिता येत नसेल तर लिहून द्यायची सोयही कायद्यात आहे. फक्त ते बाईला सांगायला फडावर कोण गेलं होतं, याचा रकाना नाही. तक्रार करायला वाट नाही म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून शंभर टक्के यश. शेजारच्या बीडमध्ये 2019 साली ऊसतोड बायकांना कुणीतरी नेमका प्रश्न विचारला. 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि 13 हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्याआधी कितीतरी हंगाम गेले. तेव्हाही कागदोपत्री सगळं निरंकच असणार.

आणि हे ‘पूर्णतः सुरक्षित’ जरा उलगडून बघू या. ऊस भरायला गाडी रात्री दोनला येते नाहीतर चारला. तोडणी दिवसभर, भरणी कधीही. डोक्यावर मोळी घेऊन बाई फळीवरून गाडीत चढते, उतरते, पुन्हा चढते. त्यात तिला जायचं असतं. माळावर दिवा नाही. गाडीवाले, भरणीवाले, कोण कुठले बाप्ये इकडंतिकडं झोपलेले. ती जावेला उठवते. आतली बाई चार भिंतींत तरी आहे; बाहेर अंधारात दार धरून जी उभी आहे तिला कुणाचा आडोसा? संरक्षणाची सगळी योजना तिच्या एका हातावर पेललेली आहे आणि योजनेत तिचं नावसुद्धा नाही. हे नको म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. कोयत्याचं काम करणारी बाई पाणी पीत नाही! पाळीच्या दिवसांत काय करतात ते विचारू नका. विचारलं तर उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं, हाच प्रश्न पडेल. दिवसा दोघी फडातून उठून गेल्या तर मुकादमाच्या हिशेबात दोन कोयते थांबले. जास्त वेळ लागला, अंगावरून जातंय म्हणून एक दिवस कोपीत पडून राहिली, की खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर दंड. कडी बसवली नाही त्याचा दंड कुणालाच नाही. कडी नाही म्हणून जी बाहेर उभी राहिली, तिला आहे.

हॉलमधल्या त्या बाईला शेवटी ‘काही सूचना?’ म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली, ‘आतून कडी लावा.’ अहवालात तिची सूचना आहे, शेवटून दुसऱ्या पानावर: ‘लाभार्थी समाधानी असून किरकोळ दुरुस्तीची अपेक्षा व्यक्त करण्यात आली.’ पुढच्या टप्प्यासाठी शिफारस आहे ती आणखी एका मूल्यमापनाची.

ते जरूर व्हावं. माझी साहेबांना एवढीच विनंती की या खेपेला मे महिन्यात राजूरला येऊ नका, डिसेंबरात फडावर जा. रात्री दोनला उठा. कोपीतला तांब्या भरून घ्या आणि त्या गुलाबी दाराच्या आत जा. दार ओढून घ्या, कडी शोधा, सावकाश शोधा. बाहेर दार धरायला मी उभा राहीन, पण दोघं गेलो म्हणजे दोन कोयते थांबले. तेव्हा दोन खाडे तुमच्या प्रवासभत्त्यातून कापून घ्यावेत, असं मुकादमाला आधीच सांगून ठेवतो.