एकखांबी क्वायर

वसईतल्या चर्चच्या क्वायरची प्रॅक्टिस आठवड्यातून एक दिवस असते. उरलेले सहा दिवस त्या प्रॅक्टिसमधल्या रुसव्याफुगव्यांचे. सोलो कुणाला मिळाला, कीबोर्डवाल्यानं पट्टी का चढवली, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला पुढच्या रांगेत कोण उभं राहणार... या सगळ्याला विटलेला एक माणूस नंदाखाल, निर्मळ, गिरीज, पापडी अशा कुठल्याही गावात भेटतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्चची दारं बंद झाली, १२ एप्रिलचा ईस्टर लोकांनी मोबाइलवर साजरा केला, आणि या गृहस्थाला साक्षात्कार झाला की क्वायरला माणसं लागत नाहीत. माइक लागतो, लॅपटॉप लागतो आणि बायकोचं कपाट लागतं.

कपाट अशासाठी, की टांगलेल्या साड्या खोलीत घुमणारा आवाज शोषून घेतात. आजवर याच साड्यांच्या बिलांवरून तो कुरकुरत होता. हल्ली दिवाळी-नाताळला स्वतःहून विचारतो, "एखादी जाड काठाची घेतेस का?"

क्वायरच्या चारही आवाजांचं त्याचं वेळापत्रक कडक असतं. बास पहाटे गायचा, तोही चहाच्या आधी, कारण झोपेतून उठलेला गळा आयताच खर्जात असतो. टेनर दुपारी. आल्टो आणि सोप्रानो खोट्या आवाजात, घरात कुणी नसताना. साथ हेडफोनमधून वाजते, ती त्याला एकट्यालाच ऐकू येते. शेजारी जातो तो नुसता "ऊऽऽ". एकाच सुरातला, पाऊण तास. शेजारीण काळजीनं काढा घेऊन येते. पंखा बंद, खिडक्या बंद, वसईचा मे महिना. नेमका जमून आलेल्या टेकमध्ये मासळीवाली हाक मारते किंवा लाइट जाते.

"अहो, कुकर लावू का?" बायको दाराबाहेरून विचारते.

"थांब गं, आल्टो बाकी आहे."

"आल्टोला म्हणावं, भात कच्चा खा."

तिला गप्प करायला त्याच्याकडे दोन दाखले तयार असतात. १९६२ च्या ‘हाफ टिकट’मध्ये किशोरकुमारनं एकाच गाण्यात पुरुषाचा आणि बाईचा, दोन्ही आवाज काढले. आणि क्वीन बँडचं १९७५ चं ‘बोहेमियन रॅप्सडी’! त्यातला तो अवाढव्य क्वायर म्हणजे तीनच माणसं, पुन्हा पुन्हा आपल्याच आवाजावर गायलेली. त्यांतला फ्रेडी मर्क्युरी शाळेत होता तो पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. "म्हणजे आपल्याकडचाच," असं म्हणून तो छाती फुगवतो. पाचगणी वसईपासून केवढी दूर, हा हिशेब अशा वेळी करायचा नसतो.

सुरुवातीला त्यानं सोपा मार्ग धरला. एकदाच गायचं आणि तोच ट्रॅक आठ वेळा चिकटवायचा. त्यातून आठ माणसं निघाली नाहीत, एकच माणूस जास्त जोरात ओरडू लागला. मग ट्रॅक जरा पुढेमागे सरकवले, तर आवाज पाइपातून आल्यासारखा पोकळ. शेवटी उमगलं की आठ माणसं हवी असतील तर आठ वेळा नव्यानं गायला पाहिजे. कधी माइकला चिकटून, कधी चार पावलं मागे सरून, मग काहींना डाव्या कानात बसवायचं, काहींना उजव्या. त्यातही ‘ख्रिस्त’ आला की आठ जणांचे ‘स्त’ आठ वेगवेगळ्या क्षणी सटासट पडतात. उपाय एकच: एकानं शब्द पुरा म्हणायचा, बाकी सात जणांनी ‘ख्रि’वर थांबायचं. प्रभूचं नाव सात वेळा अर्धवट घेतल्यानं पाप लागतं का, हे फादरना विचारायचं तो टाळतो.

एवढं करूनही क्वायर खोटाच वाटे. आठही जण एकदम श्वास घेत, एकसारखा ‘आ’ लावत. शिस्त अशी, की कुठल्याही चर्चमध्ये कुणी पाहिली नसेल. खरी गोची इथे झाली. ज्यांच्या जाचातून सुटण्यासाठी हा उद्योग मांडला, त्यांनाच एकेक करून, आपल्याच गळ्यातून नकला करत, कपाटात बोलवावं लागलं. नाकातून गाणारे निवृत्त बँकवाले आले. सगळ्यांनी सूर सोडल्यावरही शेवटचा सूर मुठीत धरून बसणारी आल्टोतली आँटी आली. किंचित बेसूर, पण भक्तीनं ओथंबलेला, चर्चची देखभाल करणारा सॅक्रिस्टन आला. विरार फास्टमधून धापा टाकत येणाऱ्या टेनरसाठी त्यानं एक ट्रॅक तीस मिलिसेकंद मागे सरकवला. खरा टेनर चाळीस मिनिटं उशिरा येई, पण कलेत थोडं झुकतं माप द्यावं लागतं.

आणि क्वायर उभा राहिला! (विरार पूर्वेला याचा एक मावसभाऊ शोभावा असा गृहस्थ आहे, तो एकट्यानं अख्खं भजनी मंडळ गातो. त्याला चार सुरांची कटकट नाही, पण टाळ मात्र त्यालाही जरा चुकवूनच वाजवावे लागतात.)

नाताळच्या आधी त्यानं या कपाटातल्या क्वायरचं एक गीत खऱ्या क्वायरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. गाणाऱ्याचं नाव दिलं नाही. टेनरनं लगेच विचारलं, "हे रेकॉर्डिंग कधी झालं? मी होतो ना?" बँकवाल्यांनी आपलाच आवाज ओळखून अंगठा दाखवला. आँटीनं तर फोनच केला.

"बाबा, माझा आवाज छान आलाय रे. पण मला इतकं मागे का ठेवलंस? जरा पुढे घे."

आपण एकटेच गायलो, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. रात्री कपाटात बसून त्यानं आँटीला दोन डेसिबलनं वाढवलं. सकाळी बँकवाल्यांचा फोन आला.