मी काहीच सांगणार नाही

मला चार महिन्यांत दहा माणसं गाठायची होती आणि त्यांना काहीही सांगायचं नव्हतं.

'सर्टिफाइड होलिस्टिक हेल्थ कोच' अशा लांबलचक नावाच्या ऑनलाइन कोर्सची ती अट होती. सरावासाठी दहा क्लायंट, प्रत्येकाची तीन सेशन आणि शेवटी एका सेशनचं रेकॉर्डिंग परीक्षेला पाठवायचं. चौथ्या पाठात मॅडमनी बजावलं होतं, की कोच सल्ला देत नाही. कोच विचारतो, ऐकतो आणि गप्प बसतो. उत्तर समोरच्याच्याच पोटात असतं, ते त्याचं त्यालाच काढू द्यायचं.

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मुंगळ्याला गुळावरून उठवणं. महाराणा प्रताप चौकात चहाच्या गाडीपाशी नुसतं एकदा खोकून बघा. चहावाला विचारल्याशिवाय आलं वाढवतो. शेजारचा मारवाडी ओव्याची धुरी सुचवतो. यूपीचा भैया काढ्याला किती लवंगा लागतात ते बोटांवर मोजून दाखवतो. आणि आमचा खान्देशी गडी आधी "कोनता डाक्टरकडे गयथा?" म्हणून चौकशी करतो, मग त्या डॉक्टरचा उद्धार करतो आणि शेवटी स्वतःचं औषध सांगतो. चहा होईपर्यंत खोकला बरा झालेला असतो, भीतीने.

मी तरी कुठे वेगळा? रिंग रोडच्या साडी मार्केटमध्ये सत्तावीस वर्षं मेहताजी होतो. खातेवही लिहिता लिहिता अख्ख्या मजल्याला सल्ले पुरवले. पित्ताचे, मूळव्याधीचे, मुलीच्या स्थळाचे. मार्केटमध्ये विकलेला माल महिन्या-दोन महिन्यांनी परत आला की त्याला आम्ही जी.आर. म्हणतो, शेठ लोकांची झोप उडवणारी तीच दोन अक्षरं. सल्ल्याला जी.आर. नाही. एकदा दिला की दिला, कोणी पार्सल बांधून परत पाठवत नाही. एवढा खपणारा दुसरा माल सुरतेत नाही.

मग शेठच्या धाकट्या मुलाने हिशेब संगणकावर घेतला आणि मला घरी बसवलं. त्याच आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर ८.१. आयुष्यभर दुसऱ्यांची उधारी लिहिली आणि इकडे माझ्याच नावावर कोण लिहीत होतं, पत्ताच नाही. त्यातून गाव कोणतं, तर सुरत. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' असं गुजरातीत म्हणतात. जेवावं सुरतेत, मरावं काशीत. या दोन गावांमधलं अंतर आम्ही लोचो, रतालू पुरी आणि चंदनी पडव्याच्या सणातल्या घारीने कमी करत आणलेलं आहे. घारीची गंमत अशी, की ती तुपात बुडवून काढलेली असते आणि सोबत तिखट भुसू खातात. म्हणजे गोडाने तोंड मिटलं की भुसूने उघडतं आणि पुन्हा घारी.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. २१ जून २०२३ ला सुरतेत दीड लाखाच्या आसपास माणसांनी एकाच वेळी योगासनं करून गिनीज विक्रम केला, त्यात एक चटई माझी होती. विक्रम झाल्यावर घरी येताना लोचोच्या दुकानापुढे जी रांग होती तिची नोंद घ्यायला मात्र कोणी आलं नव्हतं.

तर अशा सगळ्या पार्श्वभूमीवर मोबाइलवर त्या कोर्सची जाहिरात आली आणि बायको म्हणाली, "अहो, आधी स्वतःची शुगर उतरवा, मग लोकांना शिकवा." हा सल्ला होता. मी अजून कोर्स घेतला नव्हता, त्यामुळे तिला तसं सांगता आलं नाही.

कोर्समध्ये एक निबंध होता, 'होलिस्टिक या विचाराचा इतिहास'. हा एकच भाग मला मनापासून आवडला. मला वाटायचं हा शब्द कुठल्या तरी ऋषीचा असेल. निघाला यान स्मट्सचा. तोच दक्षिण आफ्रिकेचा जनरल, ज्याने गांधीजींना तुरुंगात टाकलं. १९२६ साली त्याने पुस्तक लिहून 'होलिझम' शब्द चालवला: भागांची बेरीज केली म्हणजे पूर्ण वस्तू होत नाही, पूर्ण ती त्याहून वेगळीच असते. पण त्याच्या आधीच गांधीजींनी तुरुंगात स्वतःच्या हाताने चपला करून १९१४ साली आफ्रिका सोडताना या गृहस्थाला भेट दिल्या होत्या. त्याने त्या कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तरीला परत पाठवल्या. म्हणजे बघा, पायात गांधीजींच्या चपला आणि डोक्यात होलिझम. माणूस असा पायापासून डोक्यापर्यंत घ्यावा लागतो, असं वाक्य मी निबंधात टाकलं. मॅडमनी त्याखाली हसरा चेहरा काढला. पसंतीचा होता की कसला, कळलं नाही.

निबंधात पुढे उरुळी कांचन आलंच. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या या खेड्यात आठवडाभर राहिले. ऊन, पाणी, माती आणि साधं अन्न यांवर गावातल्या रोग्यांना उपचार दिले आणि तिथला निसर्गोपचार आश्रम एका पंचविशीतल्या तरुणाच्या हाती सोपवून निघून गेले. तो तरुण मणिभाई देसाई, आमच्या सुरत जिल्ह्यातल्या कोसमाड्याचा. गडी तिथेच राहिला, १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी केली, गाईंच्या जाती सुधारल्या, १९८२ ला मॅगसेसे मिळवलं. सुरतेचा माणूस पुणे जिल्ह्यात जाऊन लोकांना काही सांगतो आणि लोक ते ऐकतात, हे मला मॅगसेसेपेक्षा मोठं वाटतं. मी उलट्या गाडीने आलो. अमळनेरहून ताप्ती लाइनने सुरतेला. आणि आलो ते कुठल्या गावाहून? विप्रो कंपनी १९४५ साली जिथे वनस्पती तूप काढण्यासाठी सुरू झाली, त्या गावाहून. कोर्समधला ट्रान्स फॅटचा पाठ मी माहेरची निंदा ऐकावी तसा खाली मान घालून ऐकला.

आता क्लायंट. पहिले गल्लीतले बापू. लिंबायतला लूमच्या खात्यात वीस वर्षं. बारा तासांची पाळी, काही दिवस दिवसाची, काही दिवस रातची. पुस्तकात लिहिलं होतं, शांत जागा निवडा, आवाज मृदू ठेवा. मी गच्चीवर दोन खुर्च्या टाकल्या.

"बापू," मी मृदू आवाजात म्हणालो, "तुमच्या तब्येतीत काय बदल झालेला आवडेल तुम्हाला?"

"बदली? नही नही. लिंबायतलाच शे खाता."

"बदली नाही, बदल! तब्येतीत!"

"तब्येत बरी शे. तुमनी कशी शे?"

सक्रिय श्रवण म्हणजे काय, यावर मी अकरा पानांच्या नोट्स काढल्या होत्या. पण समोरच्याचेच कान लूमने खाल्ले असतील तर काय करायचं, ते कुठल्याच पानावर नव्हतं. शेवटी मी ओरडून विचारलं, "झोप! झोप कशी होते?" समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. एकीतून उत्तर आलं, "तुम्ही होऊ द्याल तर होईल."

मग मी 'वेलनेस व्हील' काढलं. एक गोल असतो, त्याचे आठ भाग: आहार, झोप, नाती, पैसा, फुरसत वगैरे. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. बापूंनी पेन हातात घेऊन बराच वेळ 'झोप'च्या खणाकडे पाहिलं आणि विचारलं, "दिवसपाळीनी लिखू का रातपाळीनी?" फुरसतीच्या खणात त्यांनी काही लिहिलं नाही. नंतर म्हणाले, सुट्टीच्या दिवशी घरी झोप येत नाही, फार शांत वाटतं.

इथे मी नियम मोडला नाही. डॉक्टरकडे पाठवणं म्हणजे सल्ला नव्हे, असं पाचव्या पाठात आहे. बापू महापालिकेच्या स्मीमेर हॉस्पिटलात जाऊन कान तपासून आले. गल्लीत मात्र बातमी अशी फिरली की मेहताजी कानांचं काही तरी शिकताहेत. दोन दिवसांत कानातला मळ काढून घ्यायला दोघे जण आले.

कोचची ही प्रश्नांची पद्धत मुळात दारू सोडवणाऱ्यांची. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली त्यावर पहिला लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की पिणाऱ्याला जितकं समजवाल तितका तो दारूची वकिली करत बसतो. त्याच्याच तोंडून सोडण्याची कारणं निघाली पाहिजेत. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे मला हे कोणावर करून बघता येईना. कागदोपत्री इथे कोणी पीतच नाही. जे पीत नाहीत ते अधूनमधून नवापूरला लग्नाला जातात. तिथल्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, त्यामुळे लग्न नेमकं कोणत्या बाकावर लागतं ते महत्त्वाचं.

दुसऱ्या क्लायंट समोरच्या मारवाडी भाभी. त्यांच्याशी चाळीस मिनिटं मी एकही सल्ला न देता बोललो. घामाने शर्ट भिजला. भाभी मोकळेपणाने बोलल्या, डोळे पुसले, हसल्या. उठताना म्हणाल्या, "भाईसाब, वो सब ठीक है, पर दवाई कौनसी?" मी म्हटलं, औषध नाही, तुम्हीच ठरवलंत ना की रात्रीचं जेवण लवकर करायचं? त्या म्हणाल्या, "वो तो मुझे पहले से पता था." आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वजनकाट्यावर मी बोट ठेवलं असावं.

सहाव्या क्लायंटपर्यंत धीर आला आणि मी बोर्ड करायला फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे नमुना तयारच होता: मध्ये कोरफडीचं पान, डावीकडे पद्मासनातली बाई, उजवीकडे स्टेथोस्कोप. मी म्हटलं, स्टेथोस्कोप काढ, मी डॉक्टर नाही. तो नाराज झाला. म्हणाला, त्याच्याशिवाय डिझाइन लंगडं दिसतं. मग म्हणाला, खाली 'डायबिटीस जड से खतम' टाकू, सगळेच टाकतात. मी त्याला १९५४ चा कायदा सांगितला. जादुई उपचारांच्या जाहिरातींना बंदी करणारा. मधुमेह बरा करतो म्हणून जाहिरात करणं त्यात गुन्हा आहे. तो शांतपणे म्हणाला, "तो फिर आप करते क्या हो?"

"मी लोकांना प्रश्न विचारतो."

"और पैसा कौन देता है?"

एवढा चांगला खुला प्रश्न मला चार महिन्यांत सुचला नव्हता. बोर्ड केलाच नाही. रिक्षाला परमिट लागतं, पानाच्या गल्ल्याला परवाना लागतो; कोचला काही लागत नाही, फक्त त्या लांबलचक नावाचं सर्टिफिकेट. नंतर ते आलं तेव्हा त्यावर माझं आडनावही चुकलेलं होतं.

परीक्षेच्या रेकॉर्डिंगला दहावी क्लायंट उरली ती बायको. ती घरी जॉबवर्क करते, साडीवर स्टोन चिकटवण्याचं. जमिनीवर मांडी, मांडीवर साडीचा पदर, डाव्या हाताला गमची बाटली, उजव्या हातात सळई. सळईच्या टोकाला मेण असतं. टोक स्टोनवर टेकवायचं, स्टोन उचलायचा, गमच्या ठिपक्यावर ठेवायचा, अंगठ्याने किंचित दाबायचा. एका पदराला असे शेकडो. नजर काढली की नक्षी वाकडी होते, म्हणून ती कोणाशीही बोलताना वर पाहत नाही. पार्सल संध्याकाळी जायचं होतं. मी मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि सुरुवात केली.

"या क्षणी तुला काय वाटतंय?"

"गॅस संपत आलाय असं वाटतंय."

"म्हणजे, गॅस संपत आल्यासारखं तुला वाटतंय." याला प्रतिबिंबन म्हणतात, समोरच्याचं वाक्य आरशासारखं परत द्यायचं.

"वाटत नाहीये, संपत आलाय. नंबर लावा."

मी खोल श्वास घेतला. "तुझ्या शरीराबद्दल सांग."

सळई थांबली नाही. दोन स्टोन बसले. तिसरा बसला. पाठात होतं, शांततेला घाबरू नका, मनात आकडे मोजा. मी अकरापर्यंत मोजलं. माझ्या जिभेवर मोहरीचं तेल, गरम पाण्याची पिशवी, भुजंगासन आणि 'मी तुला कितीदा सांगितलंय' हे सगळं एका रांगेत उभं होतं. दात आवळून धरले.

बाराव्या आकड्याला ती म्हणाली, "पाठ जाते हो दुपारनंतर. सकाळी बरी असते. खाली वाकून वाकून होतं ते. मला वाटतं साडी जरा उंचावर आली ना, टेबलावर, तर मान एवढी खाली जाणार नाही."

"मग तुला काय करता येईल?" माझा आवाज थरथरत होता. पुस्तकात लिहिलेलं माझ्या घरात घडत होतं.

ती पहिल्यांदा वर बघून हसली. "तो टीव्हीचा टेबल मला द्या."

"अगं, पण..."

परीक्षकांचा शेरा आला: क्लायंटने स्वतःहून स्पष्ट आणि अमलात आणण्याजोगी कृती ठरवली, उत्तम. मात्र कोचने शेवटी एकदा 'अगं' म्हणून क्लायंटच्या निर्णयात हस्तक्षेप केला, दोन गुण वजा.

पास झालो. टेबल आता खिडकीपाशी आहे, त्यावर साडी. टीव्ही जमिनीवर ठेवलाय, आणि तो बघायला मला गादीवर एका कुशीवर पडून मान वाकडी करावी लागते. परवा मान आखडली. मी म्हटलं, अगं, जरा बाम देतेस का? सळईवरचा स्टोन न पाडता ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, तुम्ही काय करू शकाल?"