वाराचोर

अहो, कानावर आलं का? आपल्या ओळखीतले ते सज्जन डॉक्टर, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचं पेनसुद्धा लांबवलं नाही, ते म्हणे गोव्यात भर रस्त्यात चोरी करताना सापडले. आणि चोरी कशाची? वाऱ्याची!

हे ट्रायथलॉनचं वेड घराघरांत शिरल्यापासून काय काय ऐकावं लागतंय! 2015 साली मिलिंद सोमणनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला आयर्नमॅन पूर्ण केली, 2019 मध्ये गोव्यातल्या मिरामारच्या किनाऱ्यावर पहिली ‘आयर्नमॅन 70.3’ झाली, आणि पुण्या-कोल्हापुरातले डॉक्टर, सीए, बिल्डर पहाटे गजर लावू लागले. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, 90 किलोमीटर सायकल हाणायची, वर 21.1 किलोमीटर धावायचं. सायकलची किंमत घरी सांगताना शेवटचं शून्य गाळायचं, ते वेगळंच.

तर चोरी अशी. पुढच्या सायकलस्वाराच्या मागे चिकटलं की समोरचा वारा तो खातो आणि आपले पाय फुकटात फिरतात. एसटीच्या मागे दडून घाट चढणाऱ्या लुनासारखं. म्हणून हौशी शर्यतीत त्याच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत 12 मीटर अंतर ठेवायचं. त्या पट्ट्यात शिरलात तर 25 सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. तुम्हाला कुणी ओलांडलं, तर मान खाली घालून मागे सरायचं. लगेच उलट चाल करून जायचं नाही. कितीही झोंबलं तरी! पंचांनी निळं कार्ड दाखवलं की पेनल्टी तंबूत 5 मिनिटं उभं राहायचं, सगळ्या जगासमोर. तीन निळी कार्डं झाली की घरी.

डॉक्टरांचा बचाव ऐका: “गर्दीच तेवढी होती हो!” यात तथ्य आहे, हे मीही मान्य करते. हजार सायकली एका ओळीत 12-12 मीटरवर उभ्या केल्या तर रांग 12 किलोमीटरची होते, आणि ताशी 30 च्या वेगात ते 12 मीटर दीड सेकंदात संपतात. चुकून कुणाच्याही मागे सापडणारच. पण चुकून सापडणं निराळं आणि पुढच्याच्या टायरचा ब्रँड वाचता येईल इतकं जवळ बसून दहा किलोमीटर काढणं निराळं. शर्यतीचे फोटोवाले असतात ना रस्त्याकडेला! मेडल बैठकीत टांगलं जातं, ‘तो’ फोटो मात्र कुठेच दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे ऑलिंपिकात हीच चोरी राजमान्य. 2000 मध्ये सिडनीला हा खेळ ऑलिंपिकात आला, तेव्हापासून तिथं घोळक्यानंच सायकली पळतात. पण आपले डॉक्टर ऑलिंपिकला कुठे गेलेत?

बाकीच्या भानगडीही कमी नाहीत. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, तरी घाईत लटकत्या पट्ट्यानं पळणारे असतातच. एनर्जी जेलची पाकिटं दिसेल तिथं भिरकावणारे तेच, जे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओल्या-सुक्या कचऱ्यावर तासभर बोलतात. डावीकडून चालवा, उजवीकडून ओलांडा, एवढा साधा नियम. पण गप्पा मारत दोघे शेजारी-शेजारी चालणार आणि मागच्यानं ओरडून घसा कोरडा करायचा.

माझं मत विचाराल तर 5 मिनिटं कमीच आहेत. हा व्यावसायिकांचा खेळ नाही, बक्षिसाची रक्कम नाही. वयोगटात बावन्नावा यायचं की साठावा, एवढाच प्रश्न. त्यासाठी दुसऱ्याच्या घामावर बसायचं म्हणजे शुद्ध लबाडी.

आणि हो, तुम्ही घरच्यांना बघायला मिरामारला जाणार असाल, तर टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण मायेनं पाण्याची बाटली हातात देऊ नका. ती बाहेरची मदत ठरते, आणि तुमच्यापायी ते बाद होऊ शकतात.