पाल्याचा बडग्या

पोळा आठवड्यावर आला की आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या पोरांना विषयाची टंचाई भासू लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, बडग्या (मिरवून जाळायचा पुतळा) काढायचा तर त्याच्या गळ्यात पाटी हवी आणि पाटीवर कोणाचा तरी उद्धार हवा. इडापीडा घेऊन जाणारी काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. त्यांना विषय लागत नाही, त्यांचा मान आहे. बडग्याला मात्र दरवर्षी नवा गुन्हेगार लागतो. महागाई झाली, खड्डे झाले, पेपरफुटी झाली. यंदा पोरं माझ्याकडे आली. "काका, तुम्ही पेपरात लिहिता ना, सांगा एखादा."

म्हटलं, कचरा घ्या. आपल्या बुधवार बाजारातला.

"तो जुना झाला ना, काका."

"जुना झाला म्हणूनच वास येतोय."

पोरांना घेऊन रात्री बाजारात गेलो. दुकानं आवरायची वेळ. गिऱ्हाईक फुलकोबीचा पांढरा गड्डा घेऊन घरी गेलेलं आणि हिरवा पाला भाजीवालीच्या पायाशी गुडघाभर. सांभाराच्या (म्हणजे कोथिंबिरीच्या) मुळ्या, मेथीचे देठ, पिचलेली भेदरं (पुण्याकडे यांना टोमॅटो म्हणतात आणि भावही तसाच लावतात). रस्त्यावरच्या विक्रेत्यानं आपल्यापाशी कचऱ्याचं भांडं ठेवावं, असं 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं. आमच्या ओळखीच्या मावशीनं एक नाही, दोन ठेवलीत. ओल्याला तेलाचा रिकामा डबा, सुक्याला पुठ्ठ्याचा खोका. मी तोंडभरून कौतुक केलं. मावशी म्हणाली, "मी दोघायले अलग ठेवते बाप्पा, पण गाडीत गेले का दोघायचं लगन लागते."

या लग्नात करवली म्हणून पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, असतेच. राज्यात 2018 च्या मार्चमध्ये तिच्यावर बंदी आली. तेव्हापासून गिऱ्हाईक पन्नी मागताना आवाज जरा खाली करतं, इतका फरक पडलाय.

गाडी यायच्या आधी गाय येते. सरकारी कागदात जिला विकेंद्रित प्रक्रिया म्हणतात, ती आमच्याकडे चार पायांवर चालत येते. वेळेची पक्की, ठेका नाही, थकलेलं बिल नाही. पन्नीची गाठ तेवढी तिला सोडता येत नाही. मग ती पाला पन्नीसकट गिळते. त्या रात्रीही एक गाय काळ्या पन्नीचं टोक ओठाबाहेर लोंबत ठेवून शांतपणे चघळत उभी होती. येणारेजाणारे तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावत होते. पन्नी ओढून काढायचं पुण्य कोणालाच नको होतं. मलाही नको होतं, शिंगं मोठी होती.

गायीनं सोडलेलं गाडी नेते. फुलकोबीच्या पाल्यात बहुतेक पाणीच असतं. म्हणजे आपण डिझेल जाळून महालातलं पाणी शहराच्या पूर्व टोकाला, भांडेवाडीच्या कचराडेपोत नेऊन ओततो. आणि नेण्याचा हिशोब टनावर. पावसात भिजला की कचराही वजनदार होतो, माणसं खुर्चीवर बसल्यावर होतात तशी. तिथल्या ढिगात हवा न मिळता हाच पाला कुजतो, त्यातून मिथेन निघतो आणि उन्हाळ्यात ढीग पेटला की अग्निशमनाच्या गाड्या परत पाणीच घेऊन धावतात. पाण्याचा असा प्रवास आमच्या नाग नदीच्याही नशिबात नाही.

बरं, डोकं नाही म्हणावं तर हेच शहर सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला विकतं. संडासातून पैसा काढणारं गाव मेथीच्या देठापाशी येऊन अडतं. त्याच 2016 च्या नियमांचं पंधरावं कलम महापालिकांना सांगत होतं, की भाजी-फळं-फुलं-मासळीच्या बाजारातला कचरा रोजच्या रोज उचला आणि बाजारातच किंवा शेजारी खताचा नाहीतर बायोगॅसचा प्रकल्प उभा राहील असं बघा. यातलं 'उचला' तेवढं सगळ्यांना पाठ आहे. पुढचं वाचायच्या आत मीटिंगमधला चहा येतो.

तंत्र परदेशातून आणायचं म्हणाल तर तेही नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचा बायोगॅस प्रकल्प केव्हाच करून ठेवलाय. हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजीबाजारात रोज 10 टन कचऱ्यातून 500 युनिट वीज आणि 30 किलो जैवइंधन निघतं, हे पंतप्रधानांनी 2021 च्या जानेवारीत 'मन की बात'मध्ये सांगितलं. सगळ्यांनी अभिमानानं ऐकलं. हैदराबाद इथून एका रात्रीच्या अंतरावर आहे. एक अभ्यासदौरा सहज निघेल, बिर्याणीसाठी का होईना.

पण नुसत्या महापालिकेला बोलून कसं चालेल? आमच्या गल्लीत विचारा, प्रकल्प हवा का? हवाच! कुठे? यावर मात्र सगळ्यांची बोटं गल्लीबाहेर जातात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मारबतीला 'इडापीडा घेऊन जा' म्हणत आलो, 'कुठे' हे कधी विचारलं नाही. आता आमच्या इडापीडेला भांडेवाडीचा पक्का पत्ता मिळालाय. त्या पत्त्यावर माणसं राहतात, त्यांचीही पोरं बडग्या काढतात, आणि त्यांच्या बडग्याच्या पाटीवर एखाद्या वर्षी महालचं नाव आलं तर आपण कोणत्या तोंडानं रागवायचं?

पोरांना हे एवढं लांबलचक भाषण आवडलं नाही, पण विषय पटला. पाल्याचा बडग्या करायचा ठरलं. बांबूचा सांगाडा, आत पाला, पोटावर पन्न्या. लगोलग मावशीकडे पाला मागितला. तिनं तेलाचा डबा पुढे सरकवला.

"ओला नको ना मावशी," एक पोरगा म्हणाला. "शेवटी जाळायचा आहे. ओला कायले जळते?"

मावशीनं तराजू पोत्यात घातला.

"भांडेवाडीत तर जळते ना बाप्पा!"