भाडे अधिक मनस्ताप

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणसं आधी मुहूर्त बघतात, मग जेवणाची वेळ. आमच्या शेजारचे नाना लग्नाचं गाव बघतात. गाव जवळचं निघालं तर त्यांचा चेहरा पडतो. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला कमी होत जातं, हे नानांनी केव्हाच हेरून ठेवलंय. 'पुण्यात बसून दौंडला उतरणं हा शुद्ध उधळेपणा,' असं त्यांनी दौंडच्या व्याह्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. नागपूरचं लग्न आलं की मात्र नाना खुलतात. नवरा-नवरी कोण, हे त्यांना हॉलवर गेल्यावर कळलं तरी चालतं.

असे नाना हल्ली दर सोसायटीत एक तरी असतात. पेन्शन बरी, मुलगा बंगळुरूला, गुडघे अजून शाबूत आणि हाती वेळच वेळ. पैशांची ददात नाही. तरीही कोण कशाने गेलं आणि त्याला कितीला पडलं, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. तुम्ही दिल्लीहून विमानाने आलात असं चुकून बोललात, तर 'सगळं धरून किती?' हा प्रश्न आलाच. त्या 'सगळं धरून'मध्ये घरापासून विमानतळापर्यंतची टॅक्सी, तिथला चहा आणि त्या चहाबरोबर मोहात पडून घेतलेला सामोसा हे सगळं येतं.

हिशेबासाठी पतपेढीने दिलेली डायरी असते. वर्ष मागचं, पानं कोरी. पानावर पट्टीने आखलेले चार उभे रकाने: रेल्वे, एसटी, ट्रॅव्हल्स, विमान. भाच्याची मोटार समासात. आडव्या ओळी भाडं, रिक्षा-टॅक्सी, खाणंपिणं, हमाल अशा उतरत येतात आणि सगळ्यात खाली लाल पेनने लिहिलेलं असतं, 'मनस्ताप'. मनस्तापाचा दर नाना स्वतः ठरवतात. विमानतळावर कमरेचा पट्टा काढायला लावतात, त्याचे दोनशे. सातच किलोची हातबॅग आणि पोटातल्या सामानाला पंधरा किलोची मर्यादा, त्याचे तीनशे. स्लीपरच्या प्रवाशाला माणशी चाळीस किलो फुकट नेता येतात, हे ते अशा वेळी आवर्जून सांगतात. नुसतं सांगून थांबत नाहीत. चाळीस किलो भरले नाहीत तर रेल्वेने आपल्याला फसवलं असं त्यांना वाटतं. म्हणून नागपूरला जाताना घरातला जुना मिक्सरसुद्धा 'कुणाला तरी लागेल' म्हणून बरोबर जातो.

ट्रॅव्हल्सवर त्यांचा जुना राग. दिवाळीत पुणे-नागपूर बसचे दर कसे चढतात, ते त्या वाटेने गेलेल्या कुणालाही विचारा. एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही, असा शासन निर्णय २०१८ साली निघाला. नानांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो आहे. तो त्यांनी एका काउंटरवर दाखवला. पोऱ्याने तो शांतपणे वाचला आणि म्हणाला, "काका, आज घ्या. उद्या अजून वाढेल."

एसटीचं दुखणं वेगळं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि काकू नानांच्या निम्म्या पैशांत प्रवास करू लागल्या. दोघं शेजारीशेजारी बसायची, खड्डे सारखेच खायची, पण दर वेगळा. पासष्टी गाठल्यावर नानांनाही अर्धं तिकीट लागू झालं, तेव्हा कुठे संसारात समता आली. रेल्वेने मात्र त्यांना ऐन घाटात गाठलं. साठीच्या पुरुषांना तिकिटात चाळीस टक्के सवलत असे, ती मार्च २०२० मध्ये थांबली. नाना साठ वर्षांचे झाले त्याच वर्षीच्या मे महिन्यात. 'तीन-चार महिने आधी जन्मलो असतो तर निदान दोन प्रवास तरी साधले असते,' हे ते आजही आईच्या फोटोकडे बघून म्हणतात.

तरीही रेल्वेवर त्यांचा रोष टिकत नाही. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, असं रेल्वे तिकिटावर छापत असे. लोकांना शरम वाटावी म्हणून ते छापलं असावं. नानांनी त्यातून ४३ टक्के नफा काढला आणि तो जमेच्या बाजूला मांडला. त्यांच्या मते माणूस जितका लांब जाईल तितका श्रीमंत होतो. ४५ पैशांचा प्रवासविमा तर ते न चुकता घेतात. पंचेचाळीस पैशांत दहा लाख! जगात याहून स्वस्त काही नाही, फक्त वसुलीसाठी आपण हयात नसावं लागतं, नाहीतर कायमचं जायबंदी तरी व्हावं लागतं, एवढीच काय ती अडचण.

नागपूरला रात्रीच्या गाडीने गेलं की 'लॉजचे बाराशे वाचले' अशी एक ओळ डायरीत पडते. नागपुरात त्यांच्या सख्ख्या बहिणीचं तीन मजली घर आहे. लॉजचा विषय तिच्या कानावर गेला तर ती नानांना जेवायला घालायची नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याहून नागपूरच्या अजनीला वंदे भारत सुरू झाली आणि बारा तासांत पोचवू लागली. तिचंही नानांनी गणित मांडलं. स्लीपरपेक्षा पैसे कितीतरी जास्त आणि गाडीत बसायला मिळणार कमी वेळ! उलट नेहमीची गाडी चार तास उशिरा पोचली की नाना प्रसन्न असतात: त्याच पैशांत चार तास जादा. रेल्वेच्या रकान्यात मनस्तापाच्या ओळीला आजवर फक्त आडवी रेघ पडलेली आहे.

इथे त्यांचं बिंग फुटतं. नानांच्या वहीत उत्तर आधी लिहिलेलं असतं, बेरीज मागाहून त्याच्यापर्यंत आणून पोचवायची असते. त्यांना रेल्वेच आवडते. भुसावळला उतरून बाटली भरायची, बर्थवर वर्तमानपत्र पसरून दशम्या सोडायच्या, समोरच्याच्या मुलीचं कुठे जमलंय ते अकोल्यापर्यंत काढून घ्यायचं. पण मराठी मध्यमवर्गीय माणसाला 'आवडतं म्हणून' एवढं कारण पुरत नाही. हौसेला पावती लागते.

गेल्या डिसेंबरात मात्र पेच पडला. भाचीचं लग्न नागपूरला. आरक्षण हल्ली साठच दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस होते, हे दुःख बाजूला ठेवून नानांनी बरोबर साठाव्या दिवशी सकाळी आठला दोन लोअर बर्थ पटकावले. आणि लग्नाला दहा दिवस असताना मुलाने बंगळुरूहून विमानाची दोन तिकिटं पाठवली. भाडं शून्य! विमानतळापर्यंतची टॅक्सीसुद्धा त्यानेच ठरवलेली. डायरीत विमानाचा रकाना पहिल्यांदाच रेल्वेच्या खाली आला.

नाना रात्रभर जागले. सकाळी तोडगा घेऊन बाहेर आले. "स्लीपरचं तिकीट रद्द केलं तर माणशी १२० कापतात. दोघांचे २४० पाण्यात?"

"बाबा, विमानाची तिकिटं नऊ हजारांची आहेत," मुलगा फोनवर कळवळला.

"ते तुझ्या वहीत."

काकूंनी वाद घातला नाही. वजनकाट्यावर बॅग ठेवली, चौदा किलो भरली, आणि त्या गेल्या. नाना दुसऱ्या दिवशी तीन तास उशिरा, मिक्सरसकट पोचले, तोवर काकूंचे तर्री पोहे खाऊन झाले होते, मेंदी वाळली होती आणि त्या दुपारची झोप काढून उठल्या होत्या.

परत आल्यावर नानांनी डायरीत नोंद केली: 'सौ.कडून येणे, रद्द बर्थ, रु. १२०.' काकूंनी ती वाचली, लाल पेन उचललं आणि विमानाच्या रकान्यात, मनस्तापाच्या ओळीवर, ठसठशीत शून्य काढलं. नानांनी ते खोडलं नाही. बाजूला बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: 'तपासून पाहणे.'