रस्सा, पापड आणि एक काना

काळा रस्सा बंद झाल्याचं मला सर्वांत शेवटी कळलं. खरा अपमान तो होता. रस्सा जाऊन तीन आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत कोणी फोन केला नाही, घरी आलं नाही, निदान रस्त्यात सायकल आडवी घालून "सर, एक वाईट बातमी आहे" असंही म्हणालं नाही. बत्तीस वर्षं पिंपळगावच्या पोरांना मराठी शिकवून शेवटी माणूस बेसावधपणे हॉटेलात जातो, मिसळ सांगतो आणि समोर लाल वाटी येते.

"हे काय?"

"सिग्नेचर रस्सा, सर."

"सिग्नेचर म्हणजे सही. कोणाची सही?"

पोऱ्या हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

हॉटेल महामार्गावर आहे. टोलनाक्याच्या अलीकडे की पलीकडे, ते सांगत नाही. मालक माझा विद्यार्थी आहे आणि नववीत त्याला मराठीत मी पास केलं आहे, तेव्हा अब्रूचा प्रश्न दोघांचाही आहे. तिथं अख्खं खेडं उभं केलेलं आहे. सारवल्यासारखं दिसणारं अंगण, बैल नसलेली बैलगाडी, पाणी नसलेली रहाटाची विहीर, आत दिवा पेटणारे विजेचे कंदील, एका कोपऱ्यात चावडी, दुसऱ्या कोपऱ्यात फळा टांगलेली शाळा. मुंबईच्या माणसानं हे बघायला यावं, हे समजू शकतं. पण आम्ही पिंपळगावकर आपल्या खऱ्या अंगणात फरशी बसवतो, खऱ्या गोठ्यात मोटार लावतो आणि रविवारी तीच मोटार काढून चार किलोमीटरवर खेडं बघायला जातो. मी स्वतः त्या बैलगाडीत बसून फोटो काढून घेतला आहे. घरची बैलगाडी वडिलांनी सरपणाच्या भावानं दिली, तेव्हा मला हायसं वाटलं होतं, ते मी फोटोखाली लिहिलं नाही.

माझा त्या हॉटेलावर हक्क आहे अशी माझी समजूत होती, आणि तिला आधार होता. हॉटेल सुरू झालं तेव्हा मेनूकार्डावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पारंपारिक मिसळ'. मी तिथल्या तिथे खिशातलं लाल पेन काढून दुसऱ्या 'पा'चा काना उडवला. परंपरा या शब्दाला इक प्रत्यय लागला की वृद्धी पहिल्या अक्षराची होते, तिसऱ्याची नाही, पारंपरिक. हे मी मालकाला उभ्या उभ्या समजावलं, मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती तरी. पुढच्या छपाईत काना गेला. त्या दिवसापासून मी पाहुण्यांना सांगत आलो की या हॉटेलचा मेनू मी घडवला. तसा मी एक काना घडवला होता, किंवा काढला होता, पण पाहुण्यांना एवढ्या तपशिलात कशाला न्यायचं.

आता नव्या कार्डावर चीज भाकरी होती. मिसळ फोंड्यू होतं. ठेचा मोमोज होते. द्राक्ष मोहितो होतं, म्हणजे द्राक्षाच्या गावात द्राक्ष बर्फात घालून, पुदिना टाकून, दीडशे रुपयांना. हे सगळं मी सोसलं असतं. पण मिसळीच्या ताटातून पापड गेला होता, आणि त्याच्या जागी नागलीचे नाचोज आले होते.

पापडाबद्दल मला थोडं बोलू द्या. थोडंच. (माझी बायको इथं खुर्ची सरकवून उठते.)

पुणेकर मिसळीत पोहे घालतात, बटाट्याची भाजी घालतात. घालोत बापडे, पोट त्यांचं आहे. कोल्हापूरकर कटासोबत पावाच्या जाड स्लाइस घेतात. नाशिककडे मात्र पाव, दही आणि पापड ही ताटाची त्रयी आहे, आणि पापड तीत धाकटा असला तरी लाडका आहे. २०१५मध्ये दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून लंडनला गौरवली गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र आनंदला. मी पेपरातल्या फोटोत पापड शोधत होतो. नव्हता. लंडनवाल्यांना काय कळणार, म्हणून मी दादरकरांना माफ केलं.

पापड कधी मोडायचा, हा मिसळ खाण्यातला एकमेव गंभीर प्रश्न आहे. काही लोक ताट आल्याबरोबर तो चुरून वर टाकतात. ही माणसं गोष्टीचा शेवट आधी वाचणारी. काही जण तुकड्याचा चमचा करून रस्सा उचलतात. यात कौशल्य आहे, कारण काळ्या रश्शात भाजलेला पापड बुडवला की आठ आकडे मोजेपर्यंत तो ताठ राहतो आणि नवव्याला मान टाकतो. हे मी मोजलेलं आहे, वेगवेगळ्या ऋतूंत मोजलेलं आहे. निफाडच्या थंडीत, जेव्हा पारा चार-पाच अंशांवर उतरतो आणि बागाईतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तेव्हा अकरापर्यंतही टिकतो. पावसाळ्यात पाचावरच खेळ संपतो. तळलेल्या पापडाचा हिशोब निराळा, तो तेलकट असल्यामुळे रश्शाला दाद देत नाही. तो मी मोजत नाही. खरा जाणकार पापड शेवटपर्यंत बाजूला राखतो आणि सगळं संपल्यावर, वाटीच्या तळाशी उरलेल्या दोन घोटांसाठी तो मोडतो. मी त्यातला. अडचण एवढीच, की तो शेवटपर्यंत राखलेला पापड गेली तीस वर्षं माझी बायको खात आली आहे, त्यामुळे या पद्धतीचा मला अनुभव फारसा नाही, केवळ सिद्धांत आहे.

नाचो रश्शात बुडवून मी आकडे मोजले. चाळीसपर्यंत गेलो. तो तसाच. शेवटी मीच थकलो.

आजूबाजूच्या टेबलांवर बंड पेटलं असेल, या आशेनं मी मान वळवली. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले तिघं शेजारी होते. त्यांच्यातल्या एकानं चमच्यात रस्सा घेऊन उजेडासमोर धरला, मिगच्या इंजिनातलं ऑइल तपासावं तसा. "व्हिस्कॉसिटी बदलली आहे," तो म्हणाला. मला भरून आलं. पण मग तिघांनीही दुसरी वाटी मागवली. सप्तशृंगीला निघालेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजी म्हणाल्या, मागल्या खेपेला डोळ्यांतून पाणी आलं होतं, आता कसं खाण्याजोगं केलंय. पलीकडे एक द्राक्षवाले बागाईतदार, नातवाच्या तोंडाकडे बघत फोंड्यूत पाव बुडवत होते. मी खुणेनं विचारलं, कसं आहे? ते म्हणाले, "पोरगं खातंय ना." एवढ्या साध्या निकषावर माणसं संस्कृती सोडून देतात.

घरी आल्यावर मी कोका-कोलाची हकीकत बायकोला वाचून दाखवली. २३ एप्रिल १९८५ला त्या कंपनीनं आपली जुनी चव बदलली. अमेरिकेत लोकांनी पत्रांचा आणि फोनचा पाऊस पाडला आणि ७९ दिवसांत कंपनीनं जुना कोक परत आणला.

"अहो, पण तिकडे सगळी अमेरिका ओरडली," ती म्हणाली.

"इथं मी आहे."

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या सूचनावहीत मी चार पानं लिहिली. काळा मसाला कसा होतो, तेच मुळात लोक विसरलेत, म्हणून तिथपासून सुरुवात केली: निखाऱ्यावर काळसर होईतो भाजलेला कांदा, खोबरं, धने, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल. आणि चूल. त्या हॉटेलात कोपऱ्यातल्या चुलीवर एक मावशी मसाला भाजायच्या, भाकरी थापायच्या, आणि तो धूर रश्शात उतरायचा. मी लिहिलं की हा धूर म्हणजे आपल्या आज्यांचा आशीर्वाद आहे. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा लिहिलं.

मग खरा राग निघाला, आणि तो मात्र मिसळीचा नव्हता. २०२३च्या जुलैत टोमॅटो इतका महागला की उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्डनं बर्गरमधून तो काढूनच टाकला. तेव्हा आमच्या या हॉटेलातही कोशिंबीर गेली. ठीक. दोन-अडीच महिन्यांत आमच्या जिल्ह्यातले शेतकरी तोच टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. कोशिंबीर परत आली नाही. ऑक्टोबरच्या शेवटी कांदा चढला, तर कार्डावर चिकटपट्टी लागली: 'जादा कांदा रु. २०'. पिंपळगावात! जिथं बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग चुकवून माणसाला स्मशानात न्यावं लागतं. त्याआधी १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं होतं, ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद झाली. चाळीतला कांदा सडला, समितीतला भाव कोसळला, आणि कार्डावरचे वीस रुपये जागचे हलले नाहीत. आजही आहेत, आता तर छापून आहेत. भाव चढला की तो मेनूकार्डाला लगेच कळतो. उतरला की फक्त ज्याच्या ट्रॅक्टरमध्ये माल आहे त्याला कळतो. आणि भिंतीवर फेटा बांधलेला शेतकरी हसतोय, खाली 'बळीराजा थाळी, रु. ३८०'.

पुढच्या रविवारी मालकानं मला गल्ल्याशेजारी बसवून चहा दिला.

"सर, रागावू नका. पण हे बघा." त्यानं संगणक माझ्याकडे वळवला. माझ्या मोबाइल नंबरावर सगळी बिलं होती. "वर्षात अकरा वेळा आलात. दर वेळी तिघांत दोन मिसळ. जादा रस्सा सरासरी पाच वाट्या. तो फुकट असतो, सर."

"मी चवीचं बोलतोय."

"तेच म्हणतो मी. मुंबईची गाडी थांबते, त्यात दोन पोरं असतात. पोरांना तिखट लागलं की गाडी परत थांबत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि काळा मसाला भाजायला मावशींना जमेना आता."

हे मला माहीत नव्हतं. मावशी कोपऱ्यात, चुलीपुढेच बसल्या होत्या. चुलीत लाकडं रचलेली होती, विस्तव नव्हता; भाकरी मागे गॅसवर भाजून येत होत्या. मावशी नऊवारीत बसून पीठ थापायच्या, मोबाइल समोर आला की वर बघायच्या. मला फार वाईट वाटलं. एवढ्या हाताच्या बाईला शोभेची करून ठेवली! मी जाऊन पाटावर बसलो आणि दुःखाच्या आवाजात म्हणालो, "मावशी, चूल गेली."

"गेली बाई एकदाची," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. नऊ वर्षं त्या धुरापुढे. रात्री खोकल्यानं उठून बसायच्या, सून दार लावून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, मावशी, बिडी सोडा. त्यांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. आता महिना होत आला, रात्रभर झोप लागते. "मसाल्याचं पाकीट येतं आता, सर. फोडलं की झालं."

मी काही बोललो नाही. वाटीमागून वाटी फुकट मागवून जी चव मी अकरा रविवार चाखली होती, ती कुठून येत होती ते मला पाटावर बसल्या बसल्या कळलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, सर एवढे गप्प का झाले म्हणून.

"पण ही चीज भाकरी," मी शेवटचा प्रयत्न केला. "ही तरी तुम्हाला पटते का?"

मावशींनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मऊ असती, सर. मला दात कुठंयत? दुपारी एक बाजूला काढून ठेवते मी."

ती चार पानं फाडून टाकावीत म्हणून मी सूचनावही मागितली. वही होती, पानं नव्हती. पोऱ्यानं शाळेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. फळ्याशेजारी, दप्तर आणि पाटीच्या मध्ये, माझी चारही पानं काचेच्या चौकटीत लावलेली होती. वर पाटी: 'आमच्या गुरुजींचं प्रेम'. एक बाई लेकराला पुढ्यात उभं करून तिथं फोटो काढत होत्या. छाती जरा फुगली, हे कबूल करतो. त्या बाजूला झाल्यावर मी चष्मा पुसून जवळ गेलो.

दुसऱ्या पानावर, आशीर्वादाच्या वाक्याच्या पहिल्या खेपेखाली, माझ्याच हस्ताक्षरात होतं: 'ही आपली पारंपारिक चव'. त्यातल्या दुसऱ्या कान्याभोवती लाल गोल होता. गोलाशेजारी समासात, मी बत्तीस वर्षं द्यायचो तशाच तिरक्या अक्षरात, लिहिलं होतं: 'शुद्धलेखन. अर्धा गुण कमी.'

गल्ल्यावर मालक खाली मान घालून नोटा मोजत होता. फारच मन लावून मोजत होता.

मी टेबलावर येऊन बसलो.

"सर, काय आणू?"

"चीज भाकरी."

"सोबत?"

"पापड आहे का रे आत कुठं?"

"स्टाफसाठी असतो, सर."

"दोन आण," मी म्हणालो. "एक बाई खाईल."

"बाई कुठं आहेत, सर?"

बायको बैलगाडीत बसून फोटो काढून घेत होती. पापड आल्याचं तिला तिथूनही दिसलं.